तीसचा प्लकर की दोन हजारांचा?

आयब्रोच्या प्लकरवर माणसानं किती पैसे घालवावेत? उत्तर शोधायला क्रॉफर्ड मार्केट ते लॅमिंग्टन रोड अशी केलेली एका शनिवारची पायपीट...

ऑफिसातल्या लेडीज वॉशरूमचा आरसा हा जगातला सर्वात निर्दयी आरसा! घरी न दिसलेलं सगळं त्या पांढऱ्याफटक लाइटखाली लख्ख दिसतं. अकराला क्लायंट मीटिंग आणि दहा पन्नासला दिसतो भुवईखालचा एक आडमुठा केस. मग एकच आरोळी, "ए, कुणाकडे प्लकर आहे का गं?" कुणाच्या तरी पर्सच्या तळातून, च्युइंगमच्या चांदीत लडबडलेला एक प्लकर निघतो. तो त्वचा पकडतो, शेजारचे दोन चांगले केस पकडतो. जो पकडायचा, तो मात्र त्याच्या टोकांतून अलगद निसटतो. डोळ्यांत पाणी, भुवई लाल आणि केस जागेवर!

दुसरीकडे, शॉपिंग साइट्सवर आणि बड्या मॉल्सच्या ब्यूटी स्टोअर्समध्ये इम्पोर्टेड प्लकर दिमाखात झळकत असतात. किंमत दोन हजारांच्या पुढे. मागच्या बाजूला जोडलेल्या स्टीलच्या दोन पट्ट्या, एवढाच काय तो ऐवज. ना बॅटरी, ना ब्लूटूथ! मग दोन हजार कशाचे? हा नुसता ब्रँडचा तोरा की खरंच काही फरक?

हा सवाल ब्यूटी काउंटरवरच्या मुलीला विचारण्यात अर्थ नाही. ती विकणारच. विचारायचं तर ज्यांचं पोटच चिमट्यावर चालतं त्यांना. दक्षिण मुंबईत असे चार बाजार आहेत, तेही एकमेकांपासून फार लांब नाहीत. म्हणून एका शनिवारी सीएसएमटीला उतरले, पायात स्पोर्ट्स शूज घातले आणि सुटले.

स्टॉप पहिला : क्रॉफर्ड मार्केट

१८६९ साली उभी राहिलेली ही देखणी दगडी इमारत विल्यम इमर्सननं डिझाइन केली. प्रवेशद्वारावरचं कोरीवकाम लॉकवूड किपलिंगचं, म्हणजे 'जंगल बुक'वाल्या रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांचं. नाव आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरचं. आज पाटीवर महात्मा जोतिबा फुले मंडई असलं तरी टॅक्सीवाल्याला 'क्रॉफर्ड'च सांगावं लागतं. पार्लरचं सामान घ्यायला शहरभरातून बायका इथे येतात. वॅक्सचे डबे, स्ट्रिप्सचे गठ्ठे, किलोच्या हिशेबात फेशियल क्रीम... आणि पारदर्शक बरण्यांमध्ये, वाण्याकडे गोळ्या ठेवतात तसे प्लकर!

भाव सुरू तीस रुपयांपासून. गुलाबी, सोनेरी, झेब्रा प्रिंट, फुलाफुलांचे. पाकिटात हवा असेल तर ८०. पाकिटावर ऐटीत 'जर्मन स्टील' लिहिलेलं. आता गंमत ऐका. जर्मनीतल्या झोलिंगन या चाकू-कात्र्यांच्या गावाच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. त्या भागात तयार न झालेल्या पात्यावर ते नाव टाकता येत नाही. पण नुसतं 'जर्मन स्टील' छापायला कुणाच्या बापाचं काय जातं? पाकीट छापणाऱ्याला तेवढी शाई लागते, बस्स.

दुकानदाराला म्हटलं, दहा काढा, बघून घेते. तो हसला. "मॅडम, तीस रुपये की चीज में क्या देखना?" तरी त्यानं काढले. एकाच बरणीतले, एकाच रंगाचे दहा प्लकर. एकेक मिटून उजेडाकडे धरला. पाच जणांच्या टोकांतून सरळ उजेड दिसत होता. दोघांची टोकं एकमेकांवर चढत होती, कात्रीसारखी. उरलेल्या तिघांची टोकं बरोब्बर जुळत होती. त्यांनी मनगटावरचा बारीक केस पहिल्या झटक्यात उचलला.

म्हणजे स्वस्त प्लकर वाईटच असतो असं नाही. ती लॉटरी असते. कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, मागे जोडला, मुलामा दिला आणि बरणीत टाकला. टोकाला टोक लागतंय का, हे मधे कुणी बघितलेलंच नाही. ते बघण्याचं काम तुमच्यावर सोडलेलं आहे आणि तीस रुपयांत ते करू देणारा दुकानदार मिळायला नशीब लागतं!

दुसरी भानगड मुलाम्याची. साध्या लोखंडावर चमकदार थर चढवलेला असेल, तर दोन पावसाळ्यांत टोकाशी तो उडतो आणि तांबूस ठिपके दिसायला लागतात. मुंबईच्या दमट बाथरूममध्ये तर हमखास. अस्सल स्टेनलेस स्टील ओळखायला लोहचुंबक लावून बघा म्हणतात. त्या फंड्यावर जाऊ नका. लोखंडाला चुंबक चिकटतो, पण कडक केलेल्या उत्तम स्टेनलेसलाही चिकटतो!

स्टॉप दुसरा : झवेरी बाजार

क्रॉफर्डच्या समोरून शेख मेमन स्ट्रीटवर शिरलं की पाय आपोआप गर्दीबरोबर चालायला लागतात. मंगलदास मार्केटचे कापडाचे ठेले, जामा मशीद, हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, "साइड साइड साइड!" आणि मग झवेरी बाजार. पुढच्या बाजूला चकचकीत शोरूम्स. मागच्या गल्ल्यांत मात्र वेगळंच जग. लाकडी जिन्यांच्या जुन्या इमारती, त्यात खोपट्याएवढ्या वर्कशॉप्स आणि कारागिरांना अवजारं विकणारी दुकानं.

इथे 'प्लकर' म्हटलं तर कुणी बघणारही नाही. मराठी दुकानदार 'चिमटा' म्हणतो, गुजराती 'चीपियो', बंगालहून आलेले कारागीर 'चिमटी'. तांदळाच्या कणीपेक्षा लहान खडा उचलून सोन्याच्या कोंदणात बसवायचा तर टोक कसं हवं, हे यांना कुणी शिकवायला नको. मला दाखवलेला चिमटा २२० रुपयांचा. रंग नाही, फुलं नाहीत. आतल्या बाजूला टोकाशी बारीक रेघा, पकड घट्ट बसावी म्हणून.

दुकानात आलेल्या एका कारागिरानं माझं टोकं तपासणं बराच वेळ बघितलं आणि न राहवून म्हणाला, "दीदी, चिमटी नया अच्छा नहीं होता. घिसके अच्छा होता है." मग त्यानं प्रात्यक्षिकच दाखवलं. एकदम बारीक पॉलिश पेपरची घडी घातली, दोन्ही टोकांच्या मधे धरली, चिमटा हलकेच दाबला आणि कागद ओढला. असं पाच-सहा वेळा. दोन्ही टोकं एकाच कागदावर घासली गेल्यामुळे एकमेकांशी जुळून येतात. झालं! नवीन चिमटा घेतला की पहिलं काम हेच, म्हणाला. त्याच्या खिशातला स्वतःचा चिमटा कधीचा, असं विचारलं तर त्याला आठवेचना.

महागड्या प्लकरचं गुपित इथेच उलगडायला लागतं. स्वित्झर्लंडमधल्या स्टाबिओ गावची रुबिस ही कंपनी घ्या. ब्यूटीच्या दुनियेत तिचे प्लकर म्हणजे मर्सिडीज. पण तिचा जन्म ब्यूटीसाठी झालाच नाही. ती घड्याळवाल्यांसाठी चिमटे बनवायची. फ्रेंच भाषेत 'रुबिस' म्हणजे माणिक. मनगटी घड्याळाच्या आत बेअरिंग म्हणून माणकाचे इवलेसे खडे असतात आणि ते चिमट्यानंच बसवतात. त्या कामाला लागणारी टोकाची सफाई कंपनीनं पुढे भुवईकडे वळवली. म्हणजे गल्लीतला कारागीर पॉलिश पेपरवर जे करतो, तेच तिकडे अनुभवी हात कारखान्यात करतात, एकेक पीस बघून. आपण पैसे मोजतो ते त्या हाताचे आणि त्या नजरेचे. स्टीलचे नव्हे.

स्टॉप तिसरा : प्रिन्सेस स्ट्रीट

झवेरी बाजारातून काळबादेवी रोड गाठायचा, मग प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे शामळदास गांधी मार्ग. इथे औषधांची आणि सर्जिकल सामानाची दुकानं ओळीनं उभी आहेत. काचेच्या कपाटात कात्र्या, सुया, स्टेथोस्कोप. वास स्पिरिटचा. काउंटरवर सत्तरीचे एक काका. त्यांना सांगितलं, आयब्रोसाठी हवाय. चष्म्यावरून रोखून बघत ते म्हणाले, "डॉक्टर लोक पहिला टोक बघते, मग भाव विचारते. तुमी लेडीज लोक पहिला कलर बघते!" मी गप्प. क्रॉफर्डमधला झेब्रा प्रिंटवाला पर्समध्येच होता ना!

त्यांनी काढून दिला तो 'एपिलेशन फोर्सेप्स'. डोळ्यांचे डॉक्टर वापरतात. काही पेशंट्सच्या पापण्यांचे केस आत वळतात आणि बुबुळाला घासतात. ते मुळासकट उपटायला हा चिमटा. विचार करा, डोळ्याच्या इतक्या जवळ, पेशंट घाबरलेला आणि केस हळदीच्या काडीइतकाही जाड नाही! तिथे टोक निसटून चालेल? टोकं चपटी, गोलसर, कडा गुळगुळीत. त्वचेला टोचत नाहीत, केस तुटत नाही, पहिल्याच ओढीत मुळासकट येतो. भाव ३५० रुपये. दिसायला अगदीच सरकारी दवाखाना, पण काम भन्नाट.

काकांनी एक लाखमोलाची गोष्ट सांगितली. टोकाला धार नको, पकड हवी. धारदार कडा केस कापते. कापलेला केस मुळाशी तसाच राहतो, कधी त्वचेखाली वळून वाढतो आणि तिथे पुटकुळी येते. म्हणजे 'शार्प' असं पाकिटावर लिहिलेलं बघून खूश व्हायचं कारण नाही. प्लकर म्हणजे कात्री नव्हे.

स्टॉप चौथा : लॅमिंग्टन रोड

मरिन लाइन्सहून लोकल पकडली आणि चर्नी रोड सोडून ग्रँट रोडला उतरले. पूर्वेला बाहेर पडलं की लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. केबल्स, सर्किट बोर्ड्स, सोल्डरिंग गन्स. इथे मोबाइल रिपेअरवाल्यांचे चिमटे मिळतात, मोहरीहून लहान पार्ट्स उचलणारे. काळे, टोकदार, सुईसारखे. भाव ९० रुपये. टोकं? एकदम परफेक्ट! उजेडाची रेघही दिसेना. म्हटलं, सापडलं घबाड.

पण काउंटरवरचा पोरगा चिमटा माझ्या मनगटाकडे जाताना बघून ओरडलाच, "मॅडम, हाथ में घुस जाएगा!" बरोबर होतं त्याचं. सुईसारखं टोक त्वचेत शिरतं. रुतलेला केस किंवा काटा काढायला ठीक, पण डोळ्याजवळ रोज सकाळी घाईत वापरायला अजिबात नको.

या रस्त्यावर उभं राहून मला डाल लमान्या आठवला. अमेरिकेतल्या या माणसाला अंगात घुसलेल्या लाकडाच्या बारीक फासांनी पिडलं होतं. त्या काढायला त्याला जो चिमटा भावला, तो इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातला, सुईसारख्या टोकाचा. १९८० मध्ये त्यानं चिमटे विकायचा धंदा सुरू केला. आधी फासा काढायला, मग ब्यूटी पार्लर्सना. कंपनीचं नाव ट्वीझरमन. पार्लरमध्ये चालले ते तिरक्या टोकाचे, 'स्लँट' प्लकर. टोक त्वचेत घुसत नाही, पण केस नेमका पकडतं. झिजलेला चिमटा परत पाठवा, आम्ही टोकं पुन्हा जुळवून देऊ, या वचनावर कंपनीनं नाव कमावलं. २००४ मध्ये ती झोलिंगनच्याच झ्विलिंग कंपनीनं विकत घेतली. आज ज्याला दोन हजार मागतात, त्या प्लकरचं खानदान असं लॅमिंग्टन रोडसारख्याच कुठल्या तरी काउंटरवरून आलेलं आहे!

हिशेब मांडूया?

आता खरा प्रतिस्पर्धी आणूया रिंगणात. दोन हजारांच्या प्लकरची स्पर्धा तीस रुपयांच्या प्लकरशी नाहीच. ती आहे दोऱ्याशी! आमच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये थ्रेडिंगचे ५० रुपये होतात. दोन हजारांत ४० वेळा थ्रेडिंग. दर तीन आठवड्यांनी गेलात तरी सव्वादोन वर्षांहून जास्त. त्यात "जाड ठेवू की बारीक?" विचारणारी ताई, तिच्या बोटांतला सराव आणि गल्लीतल्या ताज्या बातम्या फ्री.

शेपसाठी दोरा जिंकतो, यात वाद नाही. दोरा सरळ रेषेत अख्खी ओळ उचलतो, प्लकर एकेक केस. शिवाय ताईला तुमचा चेहरा समोरून दिसतो, तुम्हाला तो आरशात नाकाला नाक लावून दिसतो. इतक्या जवळून एकेक केस काढत गेलं की थांबायचं कुठे ते कळत नाही. आणि वर्षानुवर्षं त्याच जागचे केस उपटत राहिलं तर काही पुन्हा येतच नाहीत. नव्वदच्या दशकात पेन्सिलीसारख्या बारीक भुवयांची फॅशन केलेल्या मावश्यांना विचारून बघा.

मग प्लकर कशाला? मैत्रिणींनो, आता खरं बोलूया. प्लकर घेतला जातो भुवयांच्या नावानं आणि वापरला जातो हनुवटीसाठी. काउंटरवर हे कुणी म्हणत नाही. चारही बाजारांत मीही "आयब्रोसाठी" असंच सांगितलं. पण हनुवटीवरचे ते दोन-चार जाड, काळे केस बऱ्याच जणींच्या ओळखीचे आहेत. कुणाला हॉर्मोन्समुळे, कुणाला पीसीओएसमुळे, कुणाला आई-आजीकडून आलेले. ते तीन आठवड्यांनी येत नाहीत. ते मीटिंगच्या दिवशी सकाळी येतात! त्यासाठी पार्लरच्या बाकावर शेजारणीच्या बाजूला बसून "जरा हनुवटीपण" म्हणायची कित्येकींची हिंमत होत नाही. मग दिवसभर हात हनुवटीवर. क्लायंटला वाटतं, काय विचारी मुलगी आहे!

इथे चांगला प्लकर नुसता केस काढत नाही. बाथरूमचं दार बंद करून, कुणालाही न सांगता, दोन मिनिटांत प्रश्न मिटवतो. आणि वाईट प्लकर तोच प्रश्न वाढवतो. केस अर्धा तुटतो, जागा लाल होते आणि आता केसाऐवजी डाग लपवायचा असतो. म्हणून माझ्या मते चांगल्या टोकाला पैसे मोजणं हा अजिबात चैनीचा मामला नाही. (असे केस अचानक खूप वाढले आणि पाळीही अनियमित असेल, तर मात्र प्लकर नव्हे, डॉक्टर गाठा.)

मग घ्यायचा कुठला?

तीसचा? दहा तपासून घेऊ देत असतील तरच. न बघता घेतलात तर पर्समधलं ओझं.

दोनशे ते चारशेचा? पैसा वसूल! सर्जिकल दुकानातला चपट्या टोकाचा किंवा चांगला स्टेनलेसचा स्लँट. टोकं तपासून घेतलीत आणि कारागिराची पॉलिश पेपरची ट्रिक केलीत, तर मोठ्या ब्रँडच्या अगदी जवळ जाता.

दोन हजारांचा? फरक आहे, थाप नाही. पण तो फरक असा की, तपासायचे कष्ट कुणीतरी तुमच्या आधीच घेतलेत. आठवड्यातून चार वेळा लागत असेल, केस जाड असतील आणि बाजारात वणवण करायला वेळ नसेल, तर घ्या. पाच-सहा वर्षं टिकला तर दिवसाला रुपया-सव्वारुपया पडतो. नुसत्या भुवयांसाठी, महिन्यातून एकदा? ते पैसे थ्रेडिंगवाल्या ताईला द्या.

आणि कितीचाही घ्या, बाथरूमच्या लादीवर पडला की खेळ खल्लास! टोक किंचित वाकलं तरी दोन हजारांचा तीसचा होतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून टोपण हवंच.

काउंटरवरची पाच मिनिटं

• प्लकर मिटा, उजेडाकडे धरा. टोकांच्या मधून प्रकाश दिसला तर परत.

• जोरात दाबा. टोकं एकमेकांवर सरकली किंवा पुढे फाकली तर परत.

• पातळ प्लास्टिकची पिशवी टोकांत धरून ओढा. सुटली तर पकड नाही, फाटली तर कडा जास्तच धारदार.

• मनगटावरचा एक बारीक केस पहिल्या प्रयत्नात आला पाहिजे. टेस्ट करण्याआधी टोकं सॅनिटायझरनं पुसा, प्लीज!

• बोटांना दुखेपर्यंत दाबावा लागत असेल तर नको. फार ढिला असेल तरी नको.

• घरी : केस ज्या दिशेनं वाढतो त्याच दिशेनं ओढा, अंघोळीनंतर त्वचा मऊ असताना. वापरून झाल्यावर स्पिरिटनं पुसा, कोरडा करून ठेवा.

• आणि टूथब्रश जसा उसना देत नाही, तसा प्लकरही देऊ नका. बेस्ट फ्रेंडलाही नाही. तिला हा पत्ता द्या : प्रिन्सेस स्ट्रीट, पहिलं टोक बघायचं, मग भाव!